‘करदात्याच्या पैशातली फुकट घरं’: एका मेसेजची झाडाझडती

‘मुंबईत तुम्हाला घर का परवडत नाही? खरं कारण कुणी सांगणार नाही!’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून हिंडतोय. खाली सही ‘एक सुजाण करदाता’. मी तो पाहून सोडून देत होते. मग तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर आला. टाकला माझ्या मोठ्या चुलतभावाने. त्याच ग्रुपवर आमची आत्या आहे, ती विक्रोळीला एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, इमारतीत राहते. तिने खाली एवढंच विचारलं, ‘‘आम्ही कुणाचं फुकट खाल्लं रे?’’ त्यावर भावाने हात जोडल्याचं चिन्ह टाकून लिहिलं, ‘‘आत्या, तुझ्याबद्दल नाहीये गं ते.’’ मग कुणाबद्दल आहे? मेसेजात सरसकट ‘झोपडीवाले’ लिहिलंय, ‘आत्या सोडून’ असं कुठे म्हटलेलं मला तरी दिसलं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, करदात्यांच्या पैशातून झोपडीवाल्यांना फुकट घरं वाटली जातात. दोन, झोपडपट्ट्यांनी निम्मी मुंबई गिळली. तीन, हे सगळं एकट्या काँग्रेसने मतपेटीसाठी केलं. चार, कामगारांनी संप करून गिरण्या बुडवल्या, म्हणून गिरणगावात टॉवर आले. पाच, जमीन धारणा कायदा, भाडे नियंत्रण आणि एफएसआयची (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं त्याची) बंधनं ही सरकारी लुडबुड थांबली की घरं आपोआप स्वस्त होतील. सहा, धारावीच्या प्रकल्पावर प्रश्न विचारणारे विकासाचे शत्रू.

पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीचे पाच त्याच्याच खांद्यावर बसलेत आणि आत्याला लागला तोही तोच.

एसआरएची योजना चालते कशी, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी वाचलं असतं तर बरं झालं असतं. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(१०) वाचायचं, बास. त्यात झोपडीवाल्याला घर बांधून देण्यासाठी अर्थसंकल्पातून पैसे काढा असं कुठेही नाही. योजना अशी: झोपडपट्टीतल्या ७० टक्के पात्र, म्हणजे सरकारने ठरवलेल्या तारखेआधीपासून तिथे असलेल्या, कुटुंबांची संमती घ्यायची (ही अट आता ५१ टक्क्यांवर आली आहे), बिल्डरने त्याच जमिनीच्या एका तुकड्यावर इमारत बांधून पात्र कुटुंबांना घरं द्यायची, आणि त्या बदल्यात उरलेल्या जमिनीवर बाजारभावाने विकायची घरं बांधायची. मूळ नियमात प्रमाण असं होतं: पुनर्वसनाचं जेवढं बांधकाम, तेवढंच विक्रीचं उपनगरात, शहर भागात पाऊणपट, धारावीसारख्या कठीण ठिकाणी सव्वापटीहून थोडं जास्त. जागेवर मावलं नाही तर उरलेलं टीडीआर (बांधकामाचा हस्तांतर करता येणारा हक्क) म्हणून दुसरीकडे न्यायचं किंवा विकायचं. घर सुरुवातीला २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००.

म्हणजे आत्याच्या इमारतीचे पैसे आले कुठून? शेजारच्या काचेच्या टॉवरमधले फ्लॅट विकून. आणि त्या टॉवरची जमीन कुठून आली? तिच्या आणि तिच्या शेजाऱ्यांच्या झोपड्यांखालून. घरं मिळाली ती कुणी दया केली म्हणून नाही. पात्र माणसं तिथे राहत होती म्हणूनच बिल्डरला ती जमीन आणि तो जादा एफएसआय मिळाला. उद्या त्या माणसांनी संमती दिली नाही तर योजना कागदावरच राहते.

आता अर्धं सत्य, तेही नाइलाजाने. ‘जनतेचं काहीतरी जातं’ एवढं मेसेजमधलं वाक्य खरं आहे. यातल्या कितीतरी झोपडपट्ट्या महापालिकेच्या, म्हाडाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या जमिनींवर आहेत. ती जमीन तुमची-माझी. तिच्यापोटी बिल्डरकडून रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) २५ टक्के अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, घेतलं जातं, आणि बराच काळ तेवढंही घेतलं जात नव्हतं. रुपयाची वस्तू चार आण्याला! शिवाय १९९८ मध्ये ‘शिवशाही पुनर्वसन प्रकल्प’ नावाची सरकारी कंपनी काढली, तिच्यात सार्वजनिक पैसा गेला, हेही खरं. तेव्हा करदाता म्हणून संताप यायचा असेल तर जरूर यावा. पण सवलतीच्या जमिनीचा मलिदा गेला विक्रीच्या इमारतीकडे. तीनशे फुटांत सासू, सून, दोन मुलं आणि शिवणयंत्र बसवणाऱ्यांना तो मिळालेला नाही.

त्या तीनशे फुटांबद्दलही सांगते. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधायला परवानगी दिली गेली, की गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटर. आयआयटी मुंबई आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ यांनी तिथे पाहणी केली, तेव्हा उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांचा आणि क्षयरोगाचा संबंध समोर आला. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावायला लागणाऱ्या या घरांचा हेवा करणाऱ्याने तिथे आठ दिवस राहून दाखवावं. लिफ्टचं, पंपाचं बिल त्यांच्याच सोसायटीने भरायचं असतं, हेही लक्षात असू द्या.

आणि ‘करदात्याचा पैसा’ हा शब्द इतक्या तोऱ्यात वापरायचाच असेल, तर हिशेब पुरा करू. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ च्या सुरुवातीला माफ झाला. शिवसेनेने २०१७ च्या पालिका निवडणुकीत वचन दिलं होतं, महाविकास आघाडीच्या सरकारने ते पाळलं. लाभ सोळा लाखांच्या आसपास घरांना. पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांच्या वर अनुदान मिळत होतं. गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात (जुनी करपद्धत निवडली तर) वर्षाला दोन लाखांची वजावट आहेच. हे सगळं थेट तिजोरीतून किंवा तिजोरीत यायच्या आधी. माझा यातल्या कशालाही विरोध नाही, मीही वजावट घेते. पण हे घेताना आपण फुकटे नसतो आणि झोपडीवाला मात्र फुकटा, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

दुसरा मुद्दा दोन वाक्यांत. झोपडपट्ट्यांखालची जमीन कुणीही कशीही मोजली तरी मुंबईच्या दहा-बारा टक्क्यांच्या पुढे जात नाही, बहुतेक अंदाज आठ-नऊ टक्क्यांवर थांबतात. २०११ च्या जनगणनेत तेवढ्या जागेत शहराची चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं राहत होती, तेव्हा कोणी कुणाची जागा गिळली ते तुम्हीच ठरवा. (याच मुद्द्यात ‘सगळे परप्रांतीय’ असंही घुसडलंय. भांडुप, विक्रोळी पार्कसाइट, चुनाभट्टीच्या कुठल्याही गल्लीत गणपतीच्या आदल्या रात्री जाऊन बघा, किती घरांना कुलूप आणि किती जण कोकणच्या गाडीत.)

तिसरा मुद्दा, ‘एकट्या काँग्रेसचं पाप’. इथे मेसेज लिहिणाऱ्याचं वय कमी असावं किंवा आठवण सोयीची. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं ही घोषणा शिवसेना-भाजप युतीची होती. त्याआधी १९९१ पासून काँग्रेस सरकारची झोपडपट्टी पुनर्विकास योजना होती. तीत झोपडीवाल्याला घरापोटी सुमारे पंधरा हजार रुपये भरावे लागत, आणि बिल्डरच्या नफ्याला २५ टक्क्यांची मर्यादा होती. युती सरकार आलं, अफजलपूरकर समिती नेमली गेली, एसआरए जन्माला आली. नव्या योजनेत झोपडीवाल्याचे पंधरा हजार माफ झाले ते सगळ्यांना आठवतं. त्याच वेळी बिल्डरच्या नफ्यावरची मर्यादाही उठली, ती कुठल्या भाषणात ऐकलीत? चाळीस लाख माणसं म्हणजे आठ लाख घरं. तीस वर्षांत हातात पडली ती अडीच-पावणेतीन लाखांच्या आसपास.

म्हणून काँग्रेस सुटली असं नाही. २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ, हे काँग्रेस-राष्ट्रवादीचं २००४ च्या निवडणुकीतलं वचन. निवडणूक जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि त्याच हिवाळ्यात ऐंशी-नव्वद हजार झोपड्यांवर बुलडोझर फिरले. वचनाचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं, तोही पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर, पृथ्वीराज चव्हाणांच्या काळात. मग फडणवीस सरकारने २००० ते २०११ मधल्यांना सशुल्क घराची तरतूद केली, आणि त्या घराची किंमत अडीच लाख असं शिंदे सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. १९९५, २०००, २०११. तारीख सरकवायला एकही पक्ष मागे राहिलेला नाही. तारीख सरकली की ‘अपात्र’ माणूस ‘पात्र’ होतो, पात्र वाढले की पुनर्वसनाचं बांधकाम वाढतं, आणि तेवढ्या पटीत बिल्डरला विक्रीचं बांधकाम वाढवून मिळतं. मतपेटी यात आहेच, नाही कोण म्हणतंय? पण पेटी एकच नव्हती.

चौथा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं. कारण ज्याने तो पुढे ढकलला त्याचे वडील, माझे मोठे काका, आयुष्यभर गिरणीत खात्यावर उभे राहिले होते. ‘कामगारांनी संप केला म्हणून गिरण्यांची जमीन गेली.’ संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या डावपेचांवर घरोघरी वाद झालेत, माझ्याही घरात झालेत, तो वेगळा विषय. पण संपाने जमिनीचा सातबारा बदलत नाही. जमीन कुणाला किती, हे ठरलं संपानंतर नऊ आणि एकोणीस वर्षांनी, मंत्रालयात.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. गिरणीची जागा विकासाला काढायची तर तिचे ढोबळ तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. साठच्या घरात गिरण्या आणि सुमारे सहाशे एकर जागा, तीही शहराच्या मध्यावर. मालक मंडळी विकासालाच येईनात, जागा तशाच पडून राहिल्या. मग २००१ मध्ये विलासरावांच्या सरकारने कलम बदललं: तीन वाटे करायचे ते पूर्ण जागेचे नव्हे, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती? शेड, खाती, गोदामं, चिमणी यांनीच आवार भरलेलं. शहराच्या दोन वाट्यांची चतकोर भाकरी झाली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला, ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ ची दुरुस्ती कायम केली. हे सगळं निकालपत्रात आहे, कुणालाही वाचता येतं. संपकऱ्यांनी जमीन घालवली असं त्यात कुठे लिहिलंय ते मला दाखवा.

विरोधी पक्ष तेव्हा काय करत होते? २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्या लिलावात काढल्या. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३, शिवसेना भवनासमोरची, ४२१ कोटींना गेली. घेणाऱ्यांत मनोहर जोशींचे चिरंजीव उन्मेष जोशी आणि राज ठाकरे यांच्या कंपन्या होत्या. व्यवहार जाहीर लिलावातला, बेकायदा असं मी म्हणत नाही. पण मराठी माणसाच्या घरासाठी आयुष्य वेचल्याची भाषा करणाऱ्यांची मुलं-माणसं लिलावात बोली लावत होती, आणि लिलाव करणारं महामंडळ दिल्लीतल्या काँग्रेसप्रणीत सरकारचं होतं. कुणी कुणाला अडवायचं?

कामगारांच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. सोडतीतून मिळालेली घरं त्याच्या एक दशांशाच्या आसपास रेंगाळतायत. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीची वाट दाखवलीय. परळला राबलेल्या माणसाच्या वारसाने कर्जत लोकलमध्ये लटकत ‘मुंबईतलं घर’ गाठायचं. ९ जुलै २०२५ ला हेच कामगार, सत्तरी-ऐंशीतले, आझाद मैदानात पावसात बसले होते. उद्धव ठाकरेही तिथे जाऊन आले. अडीच वर्षं मुख्यमंत्री असताना त्यांनी हा प्रश्न कुठवर नेला, ते तिथे कुणी विचारलं की नाही कोण जाणे.

पाचव्या मुद्द्यात तीन कायदे एका गाठोड्यात बांधलेत, ते सोडवावे लागतील. भाडे नियंत्रणाबद्दल मेसेजचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू सोडीना, पागडीचा काळा व्यवहार माजला, दर पावसाळ्यात गिरगाव-डोंगरीत एखादी इमारत कोसळायची. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये हे प्रमाण भाडं आता अवाजवी झालंय असं स्पष्ट म्हटलं. तरी १९९९ च्या नव्या कायद्याने मोठ्या कंपन्या आणि बँका वगळल्या, बाकी चाळीतल्या भाडेकरूला हात लावला नाही. कारण लालबाग-परळ-गिरगावच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींतली मतं सगळ्यांनाच हवी होती. पण करदातेबुवा, त्या इमारतींत राहणारे कोण? तुमच्याच मेसेजातला ‘देशोधडीला लागलेला मराठी मध्यमवर्ग’. उद्या कायदा उठवला तर पहिला तोच रस्त्यावर येईल.

जमीन धारणा कायद्याची गंमत तर विचारू नका. १९७६ ला आला, मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारजमा करायची होती. झाली नाही. कलम २० खाली सवलतींची दारं उघडली आणि त्या दारांवर बसणाऱ्यांचं भलं झालं. केंद्रातल्या वाजपेयी सरकारने १९९९ मध्ये तो रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये, पुन्हा विलासरावांच्याच काळात, केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेचे पैसे हवे होते म्हणून. म्हणजे ‘लुडबुड’ थांबून कितीतरी वर्षं झाली. घरं स्वस्त झाली? झाली असती तर हा मेसेज कशाला लिहावा लागला असता?

राहिला एफएसआय. शहर भागात १.३३ आणि उपनगरात १ असा कमी पाया ठेवून शहर चालवलं, हे चूकच होतं, मान्य. पण तो पाया कमी ठेवण्यातच धंदा होता. सरळ वाट अरुंद ठेवायची आणि आडवाटा विकायच्या: झोपडपट्टीचा जादा एफएसआय, जुन्या इमारतींचा, सार्वजनिक वाहनतळाचा, मग फंजिबल (पैसे भरून मिळणारा आणखी जादा). एकेका आडवाटेचं अधिमूल्य ठरवणं हे नगरविकास खात्याच्या हातात, आणि ते खातं बहुतेक वेळा मुख्यमंत्री स्वतःकडे का ठेवतात हे शेंबडं पोरही सांगेल. महाविकास आघाडीने २०२१ मध्ये हीच अधिमूल्यं वर्षभरासाठी निम्मी केली, तेव्हा फडणवीसांनी मूठभर बिल्डरांचं भलं होणार म्हणून आक्षेप घेतला. बरोबर होतं त्यांचं. फक्त खुर्चीत असताना ते इतकं स्पष्ट दिसत नाही.

बरं, बांधकाम वाढलं की भाव पडतात, हे तरी? २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेचा आकडा दिलाय: मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी, देशातल्या शहरांत सगळ्यात जास्त. म्हणजे घरं आहेत, कुलपंही आहेत. आणि जमीन पडून ठेवण्यातली कमाई पाहायची असेल तर मुंबई टेक्स्टाइल मिल पाहा. डीएलएफ या बिल्डर कंपनीने ती २००५ मध्ये ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये लोढा बिल्डरांना सुमारे २,७०० कोटींना विकली. मधल्या सात वर्षांत तिथे कुणी राहायला गेलं नाही.

सहावा मुद्दा, धारावी. फडणवीस सरकारच्या काळात २०१८ ला निविदा निघाली, सेकलिंक या कंपनीची ७,२०० कोटींची बोली वर आली. ती महाविकास आघाडी सरकारने २०२० मध्ये रद्द केली. २०२२ मध्ये नव्या अटींवर नवी निविदा, तीत अदानींची बोली ५,०६९ कोटी. अटी वेगळ्या होत्या, रेल्वेच्या जमिनीचा खर्चही धरायचा होता, तेव्हा दोन आकडे एकाखाली एक मांडून ‘बघा चोरी’ म्हणणाऱ्यांचा मेसेजही मी पुढे पाठवणार नाही. पण ‘सुजाण करदात्या’ने २०२३ ची टीडीआरची अधिसूचना वाचावी. मुंबईत कुठेही टीडीआर वापरायचा असेल, तर बिल्डरने आधी त्यातला ४० टक्के धारावी प्रकल्पातून निघणारा घ्यायचा, अशी त्यात सक्ती आहे. मुलुंड, बोरिवली, चेंबूरच्या ज्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात, त्यांच्या बिल्डरला तो घ्यावाच लागणार, आणि त्याचा खर्च सभासदांच्या जादा चौरस फुटांतून आणि नव्या फ्लॅटच्या दरातून वसूल होणार. याला विरोध करणारा विकासाचा शत्रू कसा, ते ग्रुपवर कुणी समजावलं तर मी ऐकायला तयार आहे.